चोविसाव्या किलोमीटरची रेघ

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू अशा: राहत्या घराची सर्व दारे-खिडक्या, स्वयंपाकघरातली मांडणी, लोखंडी कॉट एक, धावक मंडळाचा निकालफलक, रिलेची ॲल्युमिनियमची काठी, लांबी तीस सेंटिमीटर, आणि रस्ता मोजण्याचे सागवानी चाक, परीघ बरोबर दोन मीटर. यातला ‘बरोबर’ हा शब्द मी कलम चारमध्ये मागे घेतला आहे.

मी, ज्योतीराम भिवा ओव्हाळ, वय त्रेपन्न, टूलरूम फिटर, शिक्षण चौथी, पुढचे सगळे ड्रॉइंग बघून आपले आपण, राहणार मोहननगर, चिंचवड, हे शुद्धीत राहून लिहितो. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकायला घरात कोणी नाही. येत्या सोमवारी पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी नको. गाठ किती मिलिमीटरची, ते सांगत नाहीत. म्हणून लिहून ठेवतो.

कलम १. घर आणि पोस्टातली रक्कम माझी मुलगी सुमन, राहणार तळेगाव, हिला. मांडणी तिने मोडीत काढू नये. तिच्या आईने, कै. मंजुळाबाईने, फळ्यांची उंची स्वतः डबे ठेवून ठरवली होती.

कलम २. हत्यारांची पेटी मंडळातले बबनराव यांना. आतली अर्धगोल कानस मंडळातल्याच अर्जुनराव यांनी शहात्तर साली नेली आणि मुठीशिवाय परत केली. ती त्यांनाच द्यावी. मूठ त्यांनी बसवावी.

कलम ३. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, थोडक्यात. मंडळाला कळवावे. कोणी आले नाही तर सुमनने मनाला लावून घेऊ नये.

कलम ४. हे कलम मंडळात मोठ्याने वाचावे. त्याआधी राजगुरुनगरला उद्धवराव यांच्या अंगणात, त्यांच्या पत्नी सरूबाई यांच्यासमोर वाचावे. उद्धवराव आणि मी चौदा वर्षे एका शिफ्टला, शेजारच्या व्हाइसवर. मंजुळाबाई गेल्यावर सकाळी साडेपाचला माझी कडी वाजवून मला धावायला नेणारे तेच. तेव्हा ते चिंचवडलाच राहत, आता गावी असतात.

१५ फेब्रुवारी १९८१, रविवार. चाळिशीपुढच्या धावपटूंची रिले, तळेगाव ते राजगुरुनगर, चौघांचा संघ, प्रत्येकी आठ किलोमीटर. रस्ता मी चाकाने तीनदा मोजला होता. काठी बदलायचे वीस-वीस मीटरचे पट्टे सर्वांत शेवटी मोजून चुन्याने आखले. नियमही माझ्याच अक्षरात: काठी घेताना घेणाऱ्याचे पाऊल पट्ट्याबाहेर पडता कामा नये.

मंडळाने टेम्पो केला होता. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदे. बबनराव म्हणाले, “ज्योतीभाऊ, भाकरीचा परीघ घेतला का? आमची जरा लहान दिसतीय.” सगळे हसले, मीही हसलो. उद्धवराव गुडघ्याला पट्टी बांधत होते. डॉक्टरांनी सांगितले होते की यापुढे धावायचे नाही. ही त्यांची शेवटची शर्यत, आणि ती संपणार होती त्यांच्याच गावात.

अर्जुनराव, बबनराव, उद्धवराव, मग मी. चाकणच्या पुढे चोविसाव्या किलोमीटरवर मी उभा. उद्धवराव पहिले आले. मी पळायला लागलो, जरा आधीच. मागून हाक आली, “आरं थांब की ज्योती, गुडघा न्हाई म्हणतोय!” पट्टा संपता संपता काठी हातात पडली आणि बुटाचा ठसा रेघेपलीकडे धुळीत उमटला. तो फक्त मी पाहिला.

मी पहिला आलो. सरूबाई ओवाळायचे ताट घेऊन उभ्या होत्या. मी त्यांना थांबा म्हणालो आणि पंचांकडे गेलो. पंच म्हणाले, “जाऊ द्या हो, कोणी बघितलं?” मी त्यांना टेम्पोत बसवून आठ किलोमीटर मागे नेले. ठसा शाबूत होता. माझ्या खिशातली पोलादी पट्टी लावली: रेघेबाहेर पंचावन्न मिलिमीटर. तीन बोटे. आमचा संघ बाद झाला, करंडक दुसऱ्यांना गेला. सरूबाईंनी ताट पदराखाली झाकून घरी नेले. परतीच्या टेम्पोत भाकरीचे गाठोडे कोणी सोडले नाही.

जूनमध्ये नवे रबर बसवायला चाकाचे जुने काढले. व्हर्नियरने जाडी मोजली. खडीच्या रस्त्यावर ते एक मिलिमीटर झिजले होते, म्हणजे एका फेऱ्यात सव्वासहा मिलिमीटरची तूट, आणि वीस मीटरच्या दहा फेऱ्यांत बासष्ट. माझी रेघ बासष्ट मिलिमीटर अलीकडे होती. माझे पाऊल पट्ट्यात होते, सात मिलिमीटरने. उद्धवराव जिंकले होते.

ऐकणाऱ्यांना वाटेल, मग सांगितले का नाही. चार वेळा राजगुरुनगरच्या एस.टी.त बसलो. चारही वेळा चाकणला उतरून, चहा पिऊन परत आलो. मंडळाने मला काढलेले नाही. सकाळी सगळे माझ्या दारावरून धावत जातात, पावले मोजता येतात. कडी वाजत नाही.

फलकावर १९८१ पुढे आमच्या संघाचे नाव लिहावे, उद्धवरावांचे पहिले. करंडक परत मागू नये, त्या लोकांची चूक नाही. काठी उद्धवरावांना द्यावी. चाक कोणालाच देऊ नये.

उद्धवरावांनी मला एक गोष्ट देऊ केली होती. ती शेवटी लिहितो.

कलम ५. साक्षीदारांना या कागदातून काही मिळत नाही, म्हणूनच त्यांना बोलावले. दोघांनी माझ्यासमोर वाचून सह्या केल्या.

(सही) ज्योतीराम भिवा ओव्हाळ
साक्षीदार: (सही) यशवंतराव, शेजारी, निवृत्त तलाठी
(सही) मालोजी, शिंपी, चिंचवड स्टेशन
चिंचवड, ता. ९ मार्च १९८२

पुरवणी, त्याच बैठकीत. यशवंतरावांनी चष्मा काढून विचारले, “ओव्हाळ, ती देऊ केलेली गोष्ट राहिली की. का मुद्दाम?” मुद्दामच. आता लिहितो, याखाली तिघांच्या सह्या पुन्हा घेतल्या आहेत.

रिलेनंतरच्या रविवारी उद्धवराव लंगडत माझ्या घरी आले. बसले नाहीत. म्हणाले, “ज्योती, मोजणी खात्यातला एक माणूस वळखीचा हाय. पोलादी टेप लावून पट्टा पुन्हा मोजंल. पैसं मी देतो. तू निस्तं व्हय म्हण.” मी म्हणालो, माझ्या चाकामागून कोणाची टेप फिरणार नाही. ते आले तसे लंगडत गेले.

मोजणीचे सगळे मिळून पस्तीस रुपये पडले असते.