कुणाशी अबोला आहे का?

प्रिय धाकट्या,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. किती वर्षांचा उशीर ते लिहायला घेतलं आणि खोडलं. तो हिशेब तुला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक असणार. हा चौथा कागद आहे. पहिल्यावर चहा सांडला, दुसऱ्यावर अक्षर फारच वाकडं आलं आणि तिसऱ्याच्या पाठीवर सुनेने सामानाची यादी केली. तिला वाटलं म्हातारा नुसता गिरवत बसलाय. पत्ता बरोबर आहे ना, याचीही धास्ती आहे. आमच्या चर्चच्या नव्या पाळकबाईंनी तो तुझ्या मुलीकडून आणला, पण बाईंचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात. हे पत्र भलत्याच्या हातात पडलं तर माझी शोभा होईल. तुझ्या हातात पडलं तरी होईलच. पण एक गोष्ट तुला सांगितल्याशिवाय आता मला धड जगवत नाही, आणि तसंच मरायची तर फारच भीती वाटते.

गुडघे गेले. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डाव्याचं मी पुढे ढकलतोय. बाइंडिंगचं दुकान मुलाने झेरॉक्सचं केलं. काकांचं दाबाचं यंत्र तेवढं कोपऱ्यात ठेवू दिलंय, त्यावर सून कुंड्या ठेवते. अधूनमधून कुणी जुनं पुस्तक घेऊन येतं, तेव्हा मी खळ शिजवतो. अजूनही चिमूटभर मोरचूद घालतो, कीड लागू नये म्हणून. चमचा हातात घेतला की मागून काका म्हणतात, पुस्तकाला आपल्यामागे जगायचंय, घाई करू नकोस. मुलगा म्हणतो, बाबा, एकटेच का बोलता. एकटा कुठे बोलतो मी.

तुला आठवतं, मी एकोणीस वर्षांचा होईपर्यंत मला स्वतःचं नाव सोडून काही वाचता येत नव्हतं. काका ना पाळक होते ना मास्तर. हातावर कायम सुकलेली खळ. पण छापखान्यातून बायबलचे सुटे फर्मे शिवायला आले की ते एक घडी माझ्यापुढे टाकायचे आणि म्हणायचे, वाच. सोळा पानं वाचून होईतो तो फर्मा शिवला जायचा, मग दुसराच कुठलातरी हाती यायचा. त्यामुळे मला कितीतरी गोष्टींचा शेवट आधी कळला आणि सुरुवात वर्षभराने. माझं सगळं शिक्षण असंच राहिलं, मधली पानं नाहीत. तू चार इयत्ता शिकलेला, तू हसायचास. काका हसत नसत. आपण दोघे त्यांच्या रक्ताचे नव्हतो, एकमेकांचेही नव्हतो, पण दुकानात कामाला आलो त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी थोरला आणि धाकटा अशी नावं ठेवली आणि गल्ली तीच म्हणायला लागली.

आणि त्यांचा तो शनिवार. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असायचं. त्याच्या आदल्या संध्याकाळी बादलीत हात धुताना काका विचारायचे, कुणाशी अबोला आहे का? आहे म्हटलं की तसंच ओल्या हाताने जायचं आणि मिटवून यायचं. नाहीतर रविवारी प्रभूच्या भाकरीची थाळी आली की तुकडा न घेता पुढे द्यायची. एकदा मी कागदवाल्याशी दोन आठवडे बोललो नव्हतो. काकांनी त्याच्या घरी पाठवलं. त्या माणसाला माझा राग कळलाच नव्हता, मी सांगितल्यावर मात्र तो खरंच रागावला. परत येऊन सांगितलं तेव्हा तू पोट धरून हसलास. आपण दोघे त्या कागदाच्या घड्या दाबायच्या हाडाच्या पट्टीवरून भांडलो, तेव्हा काकांनी आपल्याला एकच पुस्तक समोरासमोर बसून शिवायला लावलं. मी आतून सुई द्यायची, तू बाहेरून घ्यायची. तिसऱ्या फर्म्यापर्यंत आपण गप्प होतो. चौथ्याला तू म्हणालास, थोरल्या, तुझा टाका तुझ्यासारखाच तिरका आहे. संपलं भांडण. तसं भांडण संपवणारं कुणी पुन्हा मिळालं नाही रे.

मग तू परगावी मोठ्या छापखान्यात नोकरी धरलीस. काकांनी आशीर्वाद दिला, मी दिला नाही. आठ वर्षांनी ते अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांचं सगळं मी केलं. अंघोळ, औषधं, भांडं. ते माझ्या हातून पेज घ्यायचे आणि बघायचे दाराकडे. पायरीवर कुणी चढलं की मान उचलायचे. मी होतो ना तिथे. रोज होतो.

परवा पाळकबाई कुठल्याशा सभेत तुझ्या मुलीला भेटल्या. तिने सांगितलं की बाबा दर रविवारी नातवंडांना चर्चपर्यंत पोचवतात आणि स्वतः बाहेर पायरीवर बसून राहतात. सव्वीस वर्षांत आत पाऊल टाकलं नाही, कारण विचारलं तर विषय बदलतात. पण शनिवारी संध्याकाळी पोरांचे हात धुताना न चुकता विचारतात, कुणाशी अबोला आहे का. बाईंनी हे मला गंमत म्हणून सांगितलं. मी घरी आलो आणि जेवलो नाही. सुनेला वाटलं पोट बिघडलं.

आता सांगतो. काकांना जमिनीत ठेवल्यावर चौथ्या दिवशी तू दारात उभा राहिलास आणि विचारलंस, मला का कळवलं नाही. मी म्हणालो, काकांनीच नको म्हटलं. ते खोटं होतं, धाकट्या. काकांनी तुला पत्र लिहवलं होतं, माझ्याच हातून. मी ते पोस्टात टाकलं नाही. फाडायलाही हात धजेना, म्हणून त्यांच्या बायबलच्या पुठ्ठ्याला आतल्या बाजूने ठेवून वरून अस्तराचा कागद चिकटवला. इतकी सफाई मी आयुष्यात दुसऱ्या कामात दाखवली नसेल. पण ते बाइंडर होते. दुसऱ्या दिवशी पुस्तक छातीवर घेतलं आणि त्यांचा अंगठा त्या जागी थांबला. मी बघत होतो. त्या शनिवारी मी त्यांचे हात पुसत असताना त्यांनी विचारलं, थोरल्या, कुणाशी अबोला आहे का? मी म्हणालो, नाही. त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला. पुढचा शनिवार त्यांनी पाहिला नाही.

तेव्हापासून थाळी माझ्यापर्यंत येते आणि मी ती पुढे देतो. लोकांना वाटतं म्हाताऱ्याचं काही पथ्य असेल. परवा ओलं फडकं लावून मी ते अस्तर उघडलं. पत्र सोबत ठेवलंय. अक्षर माझं आहे, तिकडे बघू नकोस, बोलणं त्यांचं आहे. त्यात शेवटी लिहिलंय की थोरला माझं सगळं करतो, त्याला फक्त कुणीतरी बघायला हवं असतं, तू आलास की त्याच्याकडेही बघ. ती ओळ त्या वेळी मला झोंबली, म्हणून पत्र थांबलं. त्यांनी मला बघितलं होतं, हे समजायला मला सव्वीस वर्षं लागली. तुला ते अखेरपर्यंत बोलावत होते. तुला बाहेर कुणी ठेवलं असेल तर ते मी. मला माफ करणं जमेल न जमेल, पण माझ्यासाठी थांबू नकोस, येत्या रविवारी त्या पायरीवरून उठ आणि आत जा. आणि जमलं तर चार ओळी पाठव. शिव्या असल्या तरी चालतील, तुझ्या हातच्या असू देत. पोस्टमन आमच्याकडे दुपारी येतो, मी जेवण उरकून ओट्यावरच बसलेला असतो. महिन्याचा पहिला रविवार जवळ आलाय, आणि डोळा एकच धड आहे. लवकर कळव.

तुझाच,
तिरक्या टाक्याचा थोरला