शम्साच्या पाठीवर

शुक्रवार, संध्याकाळ. बरका, ओमान.

आज शम्सावर बसलो! चौदा वर्षं या घोडीला खरारा करतोय, पण तिचा डावा गुडघा दुखरा म्हणून वर्षभर तिच्यावर कुणीच बसलं नव्हतं. आजही समुद्रावर नुसतं फिरवायला नेलं होतं. मागून अर्बाब, म्हणजे आमचे मालक, आले. म्हणाले, "यल्ला सुरेश, बस."

"अर्बाब, तिचा गुडघा?"

"नको असेल तर तीच सांगेल."

खोगीर नव्हतं, तसाच बसलो. सगळं लक्ष त्या गुडघ्याकडे. पाण्याच्या कडेने ती आपणहून धावू लागली. थांबवायला हवं होतं का? नाही थांबवलं. दमल्यावर तीच थांबली. मग उतरून तिच्याबरोबर चालत आलो. गुडघ्याला सूज नाही, चाराही सगळा खाल्ला.

बायकोला फोनवर सांगितलं, तर हसून म्हणाली, "आपल्या वरातीत घोड्यावर बसलात, तेव्हा रडवेला चेहरा होता!"