दरवानाचा भाचा

एडफू, ४ जानेवारी

चि. रबाबला बशीरमामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल आरोग्यवाल्यांनी पाहुणघरात चादर टांगून तू केलेली मधुमेहाची हलती चित्रं दाखवली. शेवटी तुझं नाव आलं आणि मी उभा राहिलो. टाळ्या वाजवायला नव्हे.

शरीर म्हणजे कैरोतली इमारत, ठीक. साखर म्हणजे जिन्यात खोळंबलेले पाहुणे, तेही ठीक. पण त्यांना घरोघरी दार उघडून देणारा इन्सुलिन नावाचा दरवान तू बाकावर घोरताना दाखवलास! अगं, या गावातल्या निम्म्या पुरुषांनी कैरोच्या दारांत जन्म काढला. मीही त्यातलाच. रहिवाशांची वर्तमानपत्रं त्यांच्याआधी मी वाचली, पण डोळा लागू दिला नाही. मी तिथेच गरजलो की, जे औषध आमच्या अपमानावर विकलं जातं, ते आम्ही टोचून घेणार नाही. सगळं गाव ओरडलं, नाही घेणार! डॉक्टरीणबाई चादर गुंडाळून गेल्या.

माझ्या पायाच्या अंगठ्याची जखम आहे तशीच आहे. लोभ ठेव, चित्रं बदल.

तुझा मामा

कैरो, ११ जानेवारी

ती. मामांना रबाबचा सलाम. वि. वि.

मामींचा फोन आला होता. साखर उतरली नाही तर पायाचा अंगठा कापावा लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यावर तुम्ही म्हणालात म्हणे, अंगठा गेला तरी चालेल, मान राहिला पाहिजे. भाषण उत्तम. अंगठ्याला विचारलं होतंत का?

दरवान झोपत नाही, कबूल. तुमच्याच बाकावर बसून मी चित्रं काढायला शिकले. पण एक सांगा. रमजानात पाहुण्यांची रीघ लागायची आणि तुमचे गुडघे जिना चढेनात, तेव्हा काय करायचात?

लोभ आहे तो असाच रागावत राहावा.

रबाब

एडफू, १९ जानेवारी

चि. रबाबला आशीर्वाद.

काय करणार? गावाहून भाचा बोलवायचो. रहिवासी म्हणायचे, बाहेरचा माणूस ठेव. मी म्हणायचो, चाव्या घरातल्या घरात राहतील. त्यात कसली आलीय नामुष्की? भाचा आला म्हणून मामाचा बाक जात नाही. हे तुला का हवंय?

जखम पिवळी पडली आहे. तुझी मामी हल्ली मला टोमणे मारत नाही. त्याची जास्त भीती वाटते.

मामा

कैरो, २ फेब्रुवारी

ती. मामांना सलाम. वि. वि.

नवी चित्रं पाठवली आहेत. दरवान टक्क जागा आहे, पण गोड चहाचे पाहुणे झुंडीनं येतात आणि तो घामाघूम होतो. मग गावाकडच्या गाडीतून एक पोरगा गाठोडं घेऊन उतरतो, मामाच्या हाताचं चुंबन घेतो आणि अर्ध्या चाव्या मागून घेतो. तो पोरगा म्हणजे सुईतलं इन्सुलिन.

आता त्याला दारातून परत पाठवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. काळजीनं मी इथे जेवले नाहीये.

रबाब

एडफू, १५ मार्च

चि. रबाबला आशीर्वाद. वि. वि.

चित्रं पाहून मी पुन्हा उभा राहिलो. म्हणालो, बहिणीच्या पोराला उंबऱ्यावरून हाकलणारा माणूस आपल्या गावात जन्माला आलेला नाही. आणि बाही वर केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटावर टोचतात. भर सभेत पोट उघडं टाकणारा मी गावातला पहिलाच वक्ता. माझ्यामागे रांग लागली.

साखर उतरली. जखम भरत आली. अंगठा जागेवर आहे. मामीचे टोमणेही परत आले.

भाचा रोज सकाळी न चुकता येतो. त्याची गाडी भाचीलाही बसवून घेते, असं ऐकून आहे. लोभ पत्रात मावत नाही, येऊन घेऊन जा.

तुझा मामा