फळ्यांखालची हवा

४ मार्च, सोमवार

पाणी! घरभर पाणी!! हॉस्पिटलातून आलो, कुलूप काढलं आणि आत पाऊल टाकलं तर चपलेसकट पाय भिजला. वरच्या बाईंच्या वॉशिंग मशीनचा पाइप निसटला. बाई मशीन लावून बहिणीकडे गेल्या होत्या, आणि पाणी सगळं आमच्या बेडरूममध्ये. त्या परतल्यावर वर जाऊन तोंडाला येईल ते बोललो. बाई रडायलाच लागल्या! मग मलाच कसंसं झालं. खाली येऊन पुसत बसलो.

हिला सांगितलं नाही. नाकात ऑक्सिजनची नळी असलेल्या बाईला काय सांगणार?

५ मार्च, मंगळवार

डॉक्टरांना मात्र गाठलं – चोरून, व्हरांड्यात. म्हणाले, "सोमवारी सोडायचा विचार आहे. पण काका, ओल म्हणजे बुरशी. त्यांची फुप्फुसं आता ती झेलणार नाहीत. घर कोरडं हवं, हवा स्वच्छ हवी. जमत नसेल तर दुसरीकडे सोय करा."

दुसरीकडे कुठे? लेक परगावी, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

ही भलतीच खुशीत. "अहो, सोमवारी घरी! आपल्या पलंगावर!" मी हो हो केलं. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मी पेपरात डोकं घातलं.

६ मार्च, बुधवार

ओल्या जमिनी वाळवून देणारा माणूस आला. मी त्याचं नाव पंखेवाला ठेवलंय. लाकडी फळ्या वरून पुसल्या की झालं असं मला वाटत होतं. त्याने एक फळी उचकटून दाखवली – खाली फोमचा थर, आणि तो पिळला तर चक्क धार! फळ्यांना भोकं पाडली, नळ्या खुपसल्या, मशीन लावलं. खालून गरम वारा फुंकतं म्हणे. कानठळ्या बसतात. "काका, सोमवारपर्यंत जमीन खणखणीत!" असा बेधडक बोलणारा माणूस मला लगेच आवडतो. हीच माझी खोड.

७ मार्च, गुरुवार

सकाळपासून कुबट वास. बैठकीतसुद्धा! लेकीला फोनवर सांगितलं.

"बाबा, हवा खाली फुंकताय ना? मग ती बाहेर कुठून येते?"

म्हटलं, येत असेल कुठून तरी.

"कुठून तरी म्हणजे काय! टिश्यू पेपर घ्या आणि भिंतीच्या कडेला धरा."

धरला. फडफडायला लागला! म्हणजे फळ्यांखाली जे काय कुजतंय ते हे मशीन कालपासून हिच्या खोलीत फुंकतंय. आणि मी शहाणा, खिडक्या लावून, घर उबदार ठेवून बसलोय! तळपायाची आग मस्तकात गेली.

पंखेवाल्याला बोलावून झाप झाप झापला. तो म्हणे, फुंकलं की लवकर वाळतं, ओढायला वेळ लागतो. म्हटलं, लागू दे! मग नळ्या उलट्या जोडल्या. आता मशीन खालची हवा ओढतं, फिल्टरमधून काढतं आणि खिडकीतून बाहेर सोडतं. टिश्यू पुन्हा धरला तर फटीला चिकटून बसला.

"पहिल्यापासून असंच का नाही केलंस?"

"लोक घाईत असतात, काका."

घाईत मीच होतो.

८ मार्च, शुक्रवार

वास कमी. फिल्टर काळाठिक्कर! हे सगळं तिच्या छातीत गेलं असतं.

९ मार्च, शनिवार

पंखेवाल्याने मीटर लावून पाहिला. ओलंच. भिंतीकडचा फोम सडलाय, तो काढल्याशिवाय वाळायचं नाही. माणसं, मास्क, प्लास्टिकचे पडदे घेऊन मंगळवारी येतो म्हणाला. "तुम्ही हात लावू नका हं काका."

मंगळवारी! आणि हिने फोनवर सांगितलं, बॅग भरून ठेवलीय. आयुष्यभर तिला प्रत्येक गोष्टीत थांबवलंय, आता घरी यायलाही थांब म्हणू?

१० मार्च, रविवार

हात लावला!

आधी बेडरूमचं दार आतून लावलं आणि चहूबाजूंनी चिकटपट्टी मारली. बैठकीत कणभर धूळ जाता कामा नये. मशीन बंद केलं – अर्ध्या फळ्या उचकटल्यावर ते ओढणार काय? वाऱ्याने धूळ दाराकडे जाऊ नये म्हणून खिडकीही घट्ट लावली. मग भिंतीच्या कडेने फळ्या काढल्या. खालचा फोम काळा, हिरवा, हात लावला की भुगा! वरवर वाळलेला नुसता उडत होता. तोंडाला रुमाल बांधला होता, पण चष्म्यावर वाफ धरायला लागली, मग काढून फेकला. मला काय धाड भरलीय?

दिवसभर तेच. पिशव्या भरल्या, तोंडं बांधली, बाहेरून पुसल्या. अंगावरचे कपडे तिथेच पिशवीत. शेवटी चिकटपट्टी काढून बैठकीत गेलो, टेबलावर बोट फिरवलं. स्वच्छ!! पोरगा पहिला आल्यासारखा आनंद झाला. घसा तेवढा खवखवतोय.

११ मार्च, सोमवार

अंगात कसर. पंखेवाल्याला सांगितलं, तो आजच धावत आला. त्याने खोली पाहिली, मग मला पाहिलं.

"दार आतून लावलं होतंत?"

"मग! चिकटपट्टीसकट."

"आणि मास्क?"

मी विषय बदलला. त्याने मशीन पुन्हा लावलं. डॉक्टरांकडून गुरुवारपर्यंत मुदत मागून घेतली. हिला अखेर खरं सांगितलं. ती म्हणे, ठाऊक होतं, तुम्ही पेपर उलटा धरला होता. मग म्हणाली, "अहो, आवाज का बसलाय?"

"बोलून बोलून."

"कोणाशी? घरात आहे कोण?"

१३ मार्च, बुधवार

कोरडं! मीटर कोरडा, फिल्टर साफ, हवेची तपासणीही ठीक आली. चादरी धुतल्या. जिना चढताना दोनदा टेकलो. वय झालं, दुसरं काय. लेक आली, माझ्याकडे बघून कपाळाला आठ्या. उद्या ही घरी!

१५ मार्च, शुक्रवार

काल हिला आणायला गेलो आणि डॉक्टरांनी मलाच ठेवून घेतलं; हिला लेक घरी घेऊन गेली. नळी आडवी येते, अक्षर वाकडं येतंय. छातीचा फोटो बघून ते म्हणाले, "काका, खिडकी तरी उघडी ठेवायची!"

आत्ता हिचा फोन आला. "अहो, रात्रभर खोकले नाही. खोलीत कसलाही वास नाही. तुम्ही कधी येताय?"

म्हटलं, सोमवारी. डॉक्टरांनी अजून काहीच सांगितलेलं नाही.