शिरिषाभोवतीचा ओटा

४ मार्च
बिल्डर एकदाचे कबूल झाले! तळघरातल्या पार्किंगचा रस्ता दुसऱ्या टोकाने जाणार, शिरिषाचं झाड राहणार. घसा बसला माझा.
एरवी आम्हा बागा आखणाऱ्यांची किंमत सगळीकडे तीच. इमारती उभ्या राहिल्या की बोलावतात, मॅडम, आता थोडं हिरवं करून द्या. भाजी शिजली, वरून कोथिंबीर भुरभुरा! वारा कुठून येतो, पाणी कुठे मुरणार, दुपारचं ऊन कोणाच्या भिंतीवर — हे आधी विचारायचं असतं, हे पटवता पटवता केस पिकले. या एका झाडाच्या सावलीने पश्चिमेच्या खोल्या उन्हाळाभर गार राहतील. आनंद व्हायला हवा. नुसती झोप येतेय.

९ मार्च
बाबांनी तिथेच फ्लॅट घेतला. तळमजला, शिरिषासमोर. मला न विचारता! म्हणे, लेकीने राखलेलं झाड आहे, त्याच्याकडे बघत बसेन. आई गेल्यापासून त्यांना काही हवंसं वाटलेलं हे पहिलंच. नाही कशी म्हणू?

१२ मार्च
साइट इंजिनिअरला पुन्हा बजावलं. झाडाखाली ट्रक नको, सिमेंट नको, बुंध्याला धक्का नको. बिचाऱ्याचे कान किटले असतील. भला माणूस आहे.

३० मार्च
ताप नव्हे, कावीळ. महिनाभर अंथरूण.

२ मे
आज साइटवर गेले. इंजिनिअर धावतच आला. बुंध्याभोवती गोल दगडी ओटा, कमरेएवढा! आत माती ठासून भरलेली, वर हिरवळ. "आता कोणी धक्कासुद्धा लावणार नाही, मॅडम." सुट्टीच्या दिवशी स्वतः उभा राहून बांधून घेतला म्हणे, मी बरी होऊन येणार म्हणून.
मुळं वरच्या थरातून श्वास घेतात. बुंधा असा पुरला की साल आतल्या आत कुजते, आणि झाड वर्ष-दोन वर्षं हिरवंच दिसत राहतं. सगळं बजावलं होतं, माती चढवू नका एवढंच नाही. असं कोणी करेल, हे डोक्यातच आलं नाही.
त्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा एवढासा झाला.

५ मे
ओटा फोडा, म्हणून बिल्डरकडे गेले. ते हसले. गिऱ्हाइकं तिथे बसूनच फ्लॅट पसंत करतात म्हणे. झाड ठणठणीत आहे, तुम्हीच जरा विश्रांती घ्या. ताबा दिल्यावर बघू.
भांडायला अंगात त्राण नव्हतं. बरं म्हटलं. म्हटल्याची लाज वाटते.

१० मे
बाबांना साइट दाखवली. ओट्यावर मांडी घालून बसले, शेजारी हात आपटून मलाही बसवलं. आज सांगायचं ठरवून गेले होते. पडद्यांची मापं घेऊन परत आले.

१ जानेवारी
बाबा राहायला गेले. ओटा आता सोसायटीचा. अध्यक्षांना भेटले, तर म्हणाले, ओटा फोडायला तुमच्या वडिलांचीच हरकत आहे. मग बाबांना सगळं सांगितलं, अगदी मुळापासून. त्यांनी शांतपणे ऐकलं, खिडकीतून ते हिरवंगार झाड दाखवलं.
"कावीळ झाल्यापासून तुला सगळं पिवळंच दिसतं, बाळा."
हसू आलं. मग रडूही आलं, पण घरी आल्यावर.

३ जून
पुन्हा विषय काढला. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. आता नाही काढणार. थकले.

१९ ऑक्टोबर
शिरीष बहरलाय. अवेळी, आणि कधी नव्हे इतका — पान दिसत नाही! सगळी वसाहत खाली उतरून फोटो काढतेय. बाबांनी मुद्दाम बोलावून घेतलं, ओट्यावर बसवलं. "बघ. उगीच घाबरवत होतीस."
मरायला टेकलेलं झाड असं फुलतं. जाण्याआधी बी मागे ठेवायची घाई असते त्याला.
बाबांना म्हटलं, हो, माझंच चुकलं.