चावला नाही, धरलं

४ नोव्हेंबर

तीर्थरूप आत्यास,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी लिहिलं की तुझा कुत्रा फौजदार मीटरवाल्याला चावला. ते चूक आहे. त्याने मीटरवाल्याची बाही तोंडात धरली आणि तू शिकवलंस तसा नुसता उभा राहिला. चावला हा शब्द ओरडणाऱ्या मीटरवाल्याचा. मी तो माझा म्हणून लिहिला. रक्त बघून मला भोवळ आली होती, त्यामुळे हात नीट पाहिलाच नाही.

काल मीटरवाला पुन्हा आला आणि त्याने आपणहून विचारलं की तुमचा तो गेंडा कुठे गेला. लाकडाच्या वखारीवर राखणीला दिला म्हटल्यावर ओशाळला. म्हणाला, त्या दिवशी बाही सोडवायला हिसका दिला तेव्हा फाटकाच्या पत्र्याने हात कापला. न विचारता आत शिरला होता, म्हणून तेव्हा गप्प बसला.

त्याला घरात ठेवू नकोस, असं तुझं एका ओळीचं उत्तर आलं त्याच दिवशी मी वखारवाल्या काकांना सोबत घेऊन फौजदारला वखारीवर नेलं आणि त्यांच्या हवाली केलं. दिवसातून दोनदा थोडं थोडं खायला द्या, खाल्ल्यावर तासभर पळू देऊ नका, इतक्या रुंद छातीच्या कुत्र्याच्या पोटाला पीळ पडतो, कोपरांखाली गोणपाट घाला, सगळं सांगितलं. ते फळ्या रचून घेत मान डोलावत होते.

बाइंडिंगच्या खोलीत मी कागद कापताना तो टेबलाच्या पायाशी पसरायचा. तीन आठवडे झाले, तिथून जाताना मी अजून पाय उचलून टाकते. कुत्रा तुझा आहे. तू म्हणशील तरच आणीन.

गुडघ्याला जप. चुकले तरी मला आपली म्हणत राहा.

तुझी,
चिमणी


९ नोव्हेंबर

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तुझा कान पिळावासा वाटला. शाळेत जायच्या आधी त्याच टेबलाशी बसवून मी तुला लिहायला शिकवलं. पाहिलं ते पाहिलं लिहायचं, ऐकलं ते ऐकलं, हा पहिला धडा. आता सांग, पत्र्याने कापलेला हात तू पाहिलास, की हेही ऐकलंच? पत्र्याची एक रेघ असते, दातांच्या खुणा वेगळ्या. बघून ये.

कडक वाटेल. पण सत्तर किलोचं जनावर आहे आणि आपल्याकडे दिवसभर माणसं वह्या-पुस्तकं घेऊन येतात. चावलेला कुत्रा घरात ठेवायचा नाही, हा नियम मीच केला, त्याच्या आईच्या वेळी. म्हणून एकच ओळ लिहिली. दुसरी लिहायला घेतली असती तर नियम टिकला नसता.

इथे तुझे काका-काकू मला तळहातावर झेलतात. पण सकाळी उठले की पाय आपोआप खाटेखाली जातो, फौजदारची पाठ चाचपत. काकू म्हणते, वन्संना चप्पल सापडत नाही. म्हणू दे.

फौजदारची मास्टिफ जात साखळीची नाही. माणसांत ठेवलं तर ती राखण करते. एकटं बांधलं तर आधी मुकी होते, मग बिथरते. रेघच निघाली तर त्याला घेऊन ये. तू एकटीने त्याला कधी फाटकाबाहेर नेलेलं नाहीस, हे मला ठाऊक आहे. धीर होत नसेल तर महिनाअखेर काका तिकडे येतील.

पत्र पाठवत जा. जिन्यावर पोस्टमनची पावलं वाजली की मला दुखणं आठवत नाही.

तुझी आत्या


१५ नोव्हेंबर

तीर्थरूप आत्यास,
सा. न. वि. वि.

पाहिलं. वीज कार्यालयात जाऊन चार कारकुनांसमोर मीटरवाल्याला बाही वर करायला लावली. एकाने विचारलं, स्थळ बघायला आलात का. तो लाल झाला, मीही. चार बोटं लांब सरळ रेघ आहे. दाताची खूण एकही नाही.

तिथून वखारीवर गेले. फौजदार करवतीच्या शेडमागे बांधलेला होता. भुंकला नाही. साखळी पुरेल तिथपर्यंत आला आणि सगळं अंग माझ्यावर टाकून असा रेलला की मी भुशात बसलेच. कोपरांची कातडी सोलवटली आहे. गोणपाट नाही. खाणं एकदाच, बादलीभर.

वखारवाले काका म्हणाले, हा तुमचा कुत्रा आहे की पुतळा, दिवसभर रस्त्याकडे तोंड करून बसतो. खुशाल न्या, पण स्वतः न्या, माझा एकही माणूस त्याच्या साखळीला हात लावत नाही.

मी साखळी हातात घेतली. फाटकापर्यंत आलो. बाहेर ट्रकमागून ट्रक जात होते. तो बिचकून ओढायला लागला तर मी कुठवर फरफटत जाईन, एवढंच डोक्यात आलं. त्याला परत नेऊन खुंट्याला अडकवलं आणि निघाले. मागे वळून पाहिलं नाही, म्हणून तो बघत होता की नाही ते मला लिहिता येत नाही.

तेव्हा काकांची वाट पाहायची, असं ठरवलं आहे. भित्री असले तरी तुझी आहे, एवढं ध्यानात असू दे.

तुझी,
चिमणी

ता. क. चिकटवलेलं पाकीट पुन्हा फोडलं. महिनाअखेरीला अजून पंधरा दिवस आहेत आणि त्याची कोपरं तेवढी थांबणार नाहीत. काकांना येऊ नका म्हणून सांग. हातातल्या वह्या शुक्रवारी शिवून होतील. वखार सातला उघडते, पहिला ट्रक आठला निघतो. त्या तासाभरात मी एकटी त्याला घरी आणते, शनिवारी, १८ नोव्हेंबरला.