गुरुवारचं तिकीट

२४ ऑगस्ट, सोमवार
आजपासून लेकीच्या टेनिसचं वेळापत्रक माझ्याकडे. तिचा मॅनेजर साथ सुरू झाल्यावर जो गेला तो फोनही उचलत नाही. बरंच झालं. मी मॅट्रिक असले तरी सासऱ्यांची औषधं, नणंदेचं बाळंतपण आणि ह्यांचं पथ्य एकाच महिन्यात पार पाडलंय. टेनिस म्हणजे काय, तारखाच तर आहेत. देवापुढे दिवा लावला आणि लेकीकडून तिच्या मेलचा पासवर्ड मागून घेतला.

२६ ऑगस्ट, बुधवार
तारखांचा नुसता विचका. साथीमुळे उन्हाळ्यातली मोठी स्पर्धा सप्टेंबरात ढकलली, सप्टेंबरातली ऑक्टोबरात, ऑक्टोबरातली देवाघरी. पण त्या मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत लेकीचं नाव लागलंय. आयुष्यात पहिल्यांदा. क्रमवारीत तिच्या वरच्या कितीतरी जणी आजाराला भिऊन घरी बसल्या. देव कुणाला कशातून देईल सांगता येत नाही. ह्यांना हे म्हटलं तर म्हणाले, बाहेर कुठं असं बोलू नकोस.

३० ऑगस्ट, रविवार
मोठीत सोमवारी, चौदा तारखेला हजर व्हायचं. आधीचा आठवडा रिकामा. रिकामं काही मला बघवत नाही. एक छोटी स्पर्धा टाकली. राहणं आयोजकांकडे, नाश्त्यासकट. रविवारी फायनल, सोमवारी मोठीत. तिचे कोच म्हणाले, काकू, अंगाशी येईल, तारखा अजून हलताहेत. मी म्हटलं, सर, तुम्ही तिची सर्व्हिस बघा. ती जास्त हलते.

३ सप्टेंबर, गुरुवार
मोठीवाल्यांची मेल. आता सगळ्यांनी शुक्रवारी, अकरा तारखेलाच, संध्याकाळी सहाच्या आत बबलमध्ये यायचं. बबल म्हणजे हॉटेलात कोंडून घेऊन नाकात काडी घालून घ्यायची. उशिरा येईल तिचं नाव कापणार. छोटीतून नाव काढायला उद्यापर्यंत मुदत.

काढायचं कशाला? शांतपणे विचार केला. छोटीत दुसरी फेरी गुरुवारी. गुरुवारी संध्याकाळी लेक मोकळी असतेच. आजवर नेहमी असते. गुरुवारी रात्रीचं विमानाचं तिकीट काढून टाकलं. बदलता न येणारं, म्हणून स्वस्त. सरांना आणि तिला मेलचं बोलले नाही. खेळताना डोक्यात भलतं काही नको.

८ सप्टेंबर, मंगळवार
पहिली फेरी जिंकली. मी म्हटलंच होतं. देवापुढे साखर ठेवली. सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय.

१० सप्टेंबर, गुरुवार, दुपारी
मॅच सुरू. मोबाइलवर नुसते आकडे हलतात. पहिला सेट हरली. वाईट वाटलं. तिकीट पाठवून दिलं, म्हणजे मॅचनंतर धावपळ नको.

संध्याकाळी
जिंकली. तिसऱ्या सेटमध्ये काय संचारलं कोण जाणे. असं ती कधी करत नाही.

फोन करून मेलचं सांगितलं. तिनं फोन सरांकडे दिला. मग सर बोलले, आणि बरंच बोलले. स्पर्धा अर्धवट सोडली तर दंड, वर बंदी. मी म्हटलं, पाय मुरगळला म्हणावं. तर लेक म्हणाली, आई, इथल्या डॉक्टरचा कागद तिथल्या डॉक्टरकडे जातो. इथं मुरगळलेला पाय तिथं कसा धावेल? आणि मी खोटं बोलणार नाही. तू फोन ठेव.

विमान तिच्याशिवाय गेलं. पैसे परत मागणारी मेल केली. साथीचं कारण दिलं.

११ सप्टेंबर, शुक्रवार, सकाळी
अजून मार्ग आहे. आजची मॅच दहाला. लवकर आटोपली तर दुपारचं विमान आणि सहाच्या आत बबल. आटोपली तर म्हणजे, एका बाजूने आटोपली तर.

देवापुढे बसले. रोज म्हणते, तिला यश दे. आज म्हटलं, तुझ्या मनात असेल ते होऊ दे. माझ्या मनातलं त्याला ठाऊक असतं, बोलून कशाला दाखवायचं. हे दारात उभे होते. म्हणाले, आज कुणासाठी, आपल्या पोरीसाठी की समोरचीसाठी? ह्यांची श्रद्धा आधीपासूनच कच्ची.

संध्याकाळी
जिंकली. सरळ दोन सेट. ती हॉटेलवर झोपलीय म्हणे, उद्या सेमीफायनल. सहा वाजून गेले. मोठीच्या यादीतून नाव गेलं. तिच्या जागी एका बदली मुलीचं आलं. तिच्या आईचं नियोजन चांगलं असणार.

१३ सप्टेंबर, रविवार
फायनल जिंकली. पहिलंच अजिंक्यपद. शेजारच्या वहिनींनी मास्क खाली ओढून गॅलरीतून अभिनंदन केलं. मी म्हटलं, स्पर्धा मीच निवडली होती.

मग तिचा फोन. आनंदाचा असेल म्हणून स्पीकरवर टाकला. तिनं एवढंच विचारलं, आई, मी गुरुवारी हरणार हे तू कधी ठरवलंस? मी म्हटलं, ठरवलं कुठं गं, मी फक्त अंदाज धरला. ह्यांनी उठून स्पीकर बंद केला, फोन घेऊन आत गेले आणि दार लावून घेतलं.

२१ सप्टेंबर, सोमवार
लेक घरी आलीय. पासवर्ड बदललाय. रागावलेली मुळीच नाही. भांडी विसळू लागते, माझ्या गुडघ्याला तेल लावून देते. फक्त टेनिसचं बोलणं बापाशी. मी खोलीत गेले की दोघं हवापाण्याचं बोलतात. गेला आठवडाभर टीव्हीवर मोठी स्पर्धा चालली होती. आमच्याकडे लावली नाही.

पुढच्या महिन्यांचं वेळापत्रक तिनं स्वतः वहीत केलंय. ती आंघोळीला गेल्यावर बघितलं. प्रत्येक स्पर्धेला शुक्रवार, शनिवार, रविवार अडवून ठेवलेत. परतीचं तिकीट सोमवारचं. एकूण एक स्पर्धेला. केवढी ही उधळपट्टी. यातले निम्मे दिवस तरी हमखास वाचवता येतील. रबर घेऊन बसले, तर तिनं सगळं पेनानं लिहिलेलं.